बत्तीस गुणांचं समाधान

जगभरातल्या मानसोपचार केंद्रांमध्ये गेली चाळीसेक वर्षं एक छोटी प्रश्नावली फिरते आहे. प्रश्न आठ, प्रत्येकाला चार पर्याय, एक ते चार गुण. म्हणजे कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त बत्तीस. सेवेचा दर्जा कसा होता, हवी तशी मदत मिळाली का, ओळखीच्या कुणाला गरज पडली तर इथे यायला सांगाल का, असं विचारत विचारत ती शेवटी येते या प्रश्नावर: पुन्हा मदत लागली तर इथेच याल का? प्रश्न साधा आहे. पण ज्या वॉर्डाला बाहेरून कडी असते तिथे तो विचारून पाहावा. सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न मी मराठीत करून एका बाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, आधी जाऊ तर द्या. मग परत यायचं का ते सांगते."

या उत्तराला चारपैकी किती गुण द्यायचे, हे प्रश्नावलीत लिहिलेलं नव्हतं.

मोडलेल्या हाडावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला रुग्णाने "दुखतंय" म्हटलं तर डॉक्टर प्लास्टर तपासतो. मनोरुग्णाने "मला इथे त्रास होतोय" म्हटलं तर बराच काळ डॉक्टर रुग्णालाच तपासत आले. संशय घेतो, म्हणजे संशयाचा आजार. चिडतो, म्हणजे औषध वाढवा. गप्प बसतो, म्हणजे सुधारतोय. तक्रार हेच लक्षण मानलं गेल्यावर समाधान मोजायचं कशाने? म्हणून या मोजमापाचा इतिहास आकड्यांपासून सुरू होत नाही. ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांनी न विचारता जे सांगितलं, तिथून तो सुरू होतो.

त्यांतला एक जॉन पर्सिव्हल. त्याचे वडील स्पेन्सर पर्सिव्हल इंग्लंडचे पंतप्रधान होते आणि १८१२ मध्ये पार्लमेंटच्या आवारातच गोळी घालून त्यांचा खून झाला. मुलगा लष्करात अधिकारी होता. १८३० च्या अखेरीस त्याचं मन बिघडलं. घरच्यांनी त्याला आधी ब्रिस्टलजवळच्या ब्रिस्लिंग्टन हाउसमध्ये आणि मग ससेक्समधल्या टाइसहर्स्टमध्ये ठेवलं. दोन्ही संस्था पैसेवाल्यांसाठीच्या, नावाजलेल्या. १८३४ मध्ये तो बाहेर पडला आणि १८३८ व १८४० मध्ये त्याने आपले अनुभव पुस्तकरूपाने छापले. आपण खरंच भ्रमिष्ट झालो होतो, हे तो लपवत नाही. त्याचं म्हणणं वेगळं होतं: मी आजारी होतो म्हणून तुम्ही माझ्याशी जे केलंत ते बरोबर ठरत नाही. बांधून ठेवणं, जबरदस्तीची थंड पाण्याची आंघोळ, पत्रांवरची पाळत, आणि या सगळ्यात काय चाललं आहे हे त्याला एका शब्दानेही कुणी न सांगणं. १८४५ मध्ये त्याने आणि समविचारी मंडळींनी अशा रुग्णांच्या बाजूने लढणारी एक संस्था काढली. त्याच वर्षी इंग्लंडात कायदा होऊन मनोरुग्णालयांची तपासणी करणारं कायमस्वरूपी आयुक्तालय आलं. एकीकडे रुग्णांची स्वतःची संघटना, दुसरीकडे सरकारचे तपासनीस. पुढच्या दीडशे वर्षांत वजन कुणाच्या शब्दाला आलं, हे सांगायला नको.

आपल्याकडे ही तपासणी १९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याने नीट बांधली गेली. प्रत्येक असायलमसाठी किमान तीन अभ्यागत नेमायचे. त्यांतल्या दोघांनी किंवा अधिकांनी महिन्यातून निदान एकदा एकत्र येऊन संस्थेचा प्रत्येक भाग पाहायचा, त्या दोघांत एक वैद्यकीय अधिकारी हवाच. शक्य तितक्या प्रत्येक रुग्णाला भेटायचं आणि शेरे वहीत लिहायचे. कागदावर ही तरतूद आजही वाचावीशी वाटते. प्रत्येक रुग्णाला, दर महिन्याला. नंतर आलेल्या कित्येक योजनांना एवढं म्हणायचं धाडस झालेलं नाही. हा कायदा तब्बल आठ दशकं चालला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आला तेव्हा तो गेला, पण अभ्यागतांची पद्धत नव्या कायद्यातही राहिली.

अशा शेऱ्यांच्या जुन्या वह्या मी चाळल्या आहेत. अक्षर सुरेख, इंग्रजी घोटीव. स्वयंपाकघर स्वच्छ. आमटी चाखून पाहिली, ठीक आहे. भिंतींना चुना देणं आवश्यक. पश्चिमेकडच्या वॉर्डाचं छत गळतं. रुग्णसंख्या अमुक. आणि शेवटी ठरलेली ओळ: तक्रार नाही. ओळ खोटी नसावी. अभ्यागत वॉर्डात शिरत तेव्हा त्यांच्या पुढे अधीक्षक, मागे मेट्रन आणि बाजूला परिचर असत. "कुछ तकलीफ?" असं उभ्याउभ्या विचारलं जाई. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तासाभराने पाहुणे मोटारीत बसून निघून जात, परिचर मात्र रात्रपाळीलाही असे.

याचा अर्थ रुग्णांना सांगायचं काही नव्हतं असा नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी वॉर्डात जाऊन बसत असे, चौकशी म्हणून नाही, नुसतीच. तेव्हा जे कानावर येई त्यात "उपचार चुकीचे आहेत" क्वचितच असे. चहा गार येतो. संडासाच्या दाराला आतून कडी नाही. दाखल करताना चष्मा काढून ठेवला तो परत मिळाला नाही, पेपर वाचता येत नाही. भावाला पत्र लिहिलं, ते टाकलं का? बायकांच्या वॉर्डात नेहमीची तक्रार परकराच्या नाडीची. गळफासाच्या भीतीने नाड्या काढून घेतलेल्या, म्हणून कित्येक जणी दिवसभर परकर मुठीत धरून चालत. जेवताना एक हात ताटात आणि एक कमरेला. सुरक्षिततेच्या नोंदीत हे यश म्हणून धरलं जाई, कारण त्या वर्षी एकही गळफास झालेला नसे. त्या बाईच्या बाजूने ते मोजायला कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता.

असा रकाना प्रथम तयार झाला तो अमेरिकेत, आणि त्यामागे माणुसकीइतकाच हिशेबही होता. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्याने मोठमोठी मनोरुग्णालयं रिकामी करून वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं काढायचं धोरण आलं. केंद्र सरकारचा पैसा ओतला गेला. १९७५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्रांवर बंधन आलं: आपल्या कामाचं मूल्यमापन करा आणि त्यासाठी खर्चाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवा. मूल्यमापन करायचं तर मोजपट्टी हवी. सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लार्सन, अॅटकिसन, हारग्रीव्ह्ज आणि न्युएन या चौघांनी १९७९ मध्ये जी प्रसिद्ध केली, तीच सुरुवातीला सांगितलेली आठ प्रश्नांची प्रश्नावली. तिच्या नावातच रुग्णाऐवजी ग्राहक आहे.

तिचे गुण मान्य करायला हवेत. पाच मिनिटांत भरून होते. थोडं लिहितावाचता येणाऱ्यालाही जमते. एका केंद्राची दुसऱ्याशी, यंदाची गेल्या वर्षाशी तुलना करता येते. आणि मुख्य म्हणजे, मनाचा आजार असलेला माणूस आपल्याला मिळालेल्या सेवेबद्दल सुसंगत मत देऊ शकतो, हे तिने आकड्यांच्या भाषेत सिद्ध केलं. पर्सिव्हलला दोन खंड लिहून जे पटवता आलं नाही ते आठ प्रश्नांनी पटवलं.

पण लवकरच एक अडचण दिसू लागली. गुण सगळीकडेच चांगले येत. चांगल्या केंद्रातही बहुतेक लोक समाधानी, सुमार केंद्रातही बहुतेक लोक समाधानी. जे. लेबो यांनी १९८२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच चित्र होतं. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. जे खरोखर वैतागले ते मध्येच उपचार सोडून गेले, फॉर्म भरायला उरले नाहीत. उरलेल्यांना डॉक्टरांची भीड. शिवाय "एकंदरीत कसं वाटलं?" या प्रश्नाला माणूस एकंदरीत उत्तर देतो, तपशिलातलं दुखणं त्यात बुडून जातं. आणि प्रश्न कोणते असावेत, हे ठरवणारी मंडळी होती व्यावसायिक. त्यांच्या यादीत परकराची नाडी येण्याचं काही कारण नव्हतं.

आमच्याकडे असे फॉर्म आले तेव्हा ते भरून घ्यायची वेळ ठरली डिस्चार्जची. केसपेपर पूर्ण झालेला, भाऊ किंवा बाप एसटीच्या वेळेकडे डोळा ठेवून बाकावर बसलेला, आणि रुग्णाच्या समोर कागद. त्याच्या लेखी तो सुटकेच्या कागदांपैकीच एक. कुठे सही करायची एवढंच तो विचारी. एक तरुण तर पर्याय न वाचता उजवीकडच्या रकान्यात सरळ रेघ ओढून मोकळा झाला. त्याची बेरीज बत्तीस झाली.

इटलीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. फ्रांको बासालिया हा मानसोपचारतज्ज्ञ १९६१ मध्ये गोरित्सियाच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. बांधून ठेवणं त्याने थांबवलं, दारं उघडली आणि रोजची सभा सुरू केली. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण सगळे एकत्र. कुणीही उठून काहीही बोलावं. सभा लांबत, भरकटत, भांडणं होत. पण तिथे तक्रार हे लक्षण नव्हतं, सभेपुढचा विषय होता. त्याच्या चळवळीतून १९७८ चा १८० क्रमांकाचा कायदा आला आणि इटलीत मनोरुग्णालयांत नवे रुग्ण भरती करणं थांबलं. आता वस्तीतल्या सेवा नीट चालतात की नाही, हे पाहणं भाग होतं. व्हेरोना शहरातल्या मिरेल्ला रुजेरी आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी १९९३ मध्ये मोजपट्टी प्रसिद्ध केली, ८२ प्रश्नांची. कर्मचाऱ्यांची वागणूक, दिलेली माहिती, सेवा वेळेवर मिळणं, उपचारांचा परिणाम, कुटुंबाचा सहभाग, असे वेगवेगळे विभाग. नातेवाइकांसाठी वेगळी प्रत, कर्मचाऱ्यांसाठीही वेगळी.

त्यातली एक युक्ती मला विशेष आवडते. प्रत्येक उपचाराबद्दल ती आधी विचारते की तो तुम्हाला मिळाला का. मिळाला असेल तर कसा वाटला? नसेल, तर मिळायला हवा होता का? जे दिलंच नाही त्याचाही हिशेब मागणारा प्रश्न मी दुसऱ्या फारशा फॉर्मांत पाहिला नाही. मग ही मोजपट्टी आवरती घेऊन अॅमस्टरडॅम, कोपनहेगन, लंडन, सांतांदेर आणि व्हेरोना या पाच शहरांत स्किझोफ्रेनिया असलेल्या ४०४ जणांना लावली गेली. कोपनहेगनचे लोक सर्वांत समाधानी निघाले, लंडनचे सर्वांत कमी. पण पाचही शहरांत लोक ज्याबाबत सर्वांत असमाधानी होते त्या गोष्टी सारख्याच होत्या: आजाराबद्दल मिळणारी माहिती आणि उपचारांत नातेवाइकांना सामील करून घेणं. युरोपातले हे निष्कर्ष मी वाचले तेव्हा आमची ओपीडी डोळ्यांपुढे आली. तिथे बाप विचारतो, "डॉक्टर, ह्याला नेमकं झालंय काय?" आणि मागून पुढच्या नंबराचा पुकारा होतो.

तरीही विचारणारे अजून डॉक्टर आणि संशोधकच होते. विचारणारा बदलला तर उत्तर बदलतं का, हे स्वच्छ दाखवलं लंडनच्या डायना रोझ यांनी. त्या संशोधक, आणि मानसोपचार सेवा स्वतः घेतलेल्या. २००१ मध्ये किंग्ज कॉलेजच्या मानसोपचार संस्थेत सेवा घेणाऱ्यांनीच संशोधन करायचा एक गट सुरू झाला, त्याच्या मुळाशी त्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विजेच्या उपचाराबद्दल, आपल्या बोलीतल्या शॉकबद्दल, रुग्णांना काय वाटतं याचे अभ्यास शेजारी शेजारी मांडले. २६ अभ्यास डॉक्टरांनी केलेले, ९ रुग्णांनी किंवा त्यांच्या सहभागाने. उपचार तोच. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधान बरंच वर, रुग्णांच्या अभ्यासांत बरंच खाली. कायमची स्मृती गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २९ ते ५५ टक्के.

यात कुणी खोटं बोललं असं नाही. डॉक्टरांच्या मुलाखती उपचारानंतर लगेच, रुग्णालयातच, मोजक्या प्रश्नांवर झालेल्या. बरेचदा विचारणारा उपचार करणाऱ्यांपैकीच. अशा वेळी माणूस "बरं वाटलं" म्हणतो. काही महिन्यांनी, घरी, त्याच अनुभवातून गेलेल्या माणसाशी बोलताना तो म्हणतो की बहिणीचं लग्न आठवत नाही. दोन्ही उत्तरं त्याचीच. शॉकने जीव वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या निष्कर्षावरून उपचारच वाईट ठरवायला मी तयार नाही. पण पूर्वकल्पना आणि संमती या गोष्टी सही घेण्यापुरत्या नसतात, हे त्या दोन रकान्यांमधल्या अंतराने शिकवलं. पुढे याच गटाने वॉर्डातल्या अनुभवाची १९ प्रश्नांची नवी मोजपट्टी बनवली. तिचे प्रश्न रुग्णांच्या गटचर्चांतून निघाले आणि त्या चर्चाही रुग्ण-संशोधकांनीच घेतल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कायद्याने सक्तीने ठेवलेल्यांचं मत स्वखुशीने आलेल्यांपेक्षा स्पष्टपणे वाईट आलं. बाहेरच्या कडीचा परिणाम अखेर आकड्यात उतरला.

आपल्याकडे मोजणी झाली ती प्रामुख्याने भिंतींची. देशातल्या आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी रांचीचे कर्नल मूर टेलर यांनी १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली आणि बहुतेक ठिकाणं कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, बरं करण्यासाठी नाहीत, असा १९४६ मध्ये निर्वाळा दिला. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने ३७ सरकारी मनोरुग्णालयांचा अहवाल काढला. मधे अर्धशतक गेलं होतं आणि तुरुंगासारखी बांधणी बऱ्याच ठिकाणी तशीच होती. त्याच वर्षी पुण्यात भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्ट सुरू केला. मनोरुग्णालयांत अडकलेलं आईचं आयुष्य त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. या संस्थेच्या 'आयना' या पत्रिकेत सेवा घेतलेल्या लोकांना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं. गुण नव्हते, टक्केवारी नव्हती. पण समाधानाची मोजणी म्हणून मी त्या लेखनाकडे कुठल्याही फॉर्मपेक्षा अधिक गांभीर्याने पाहते.

मग गुजरात. जागतिक आरोग्य संघटनेचा हक्काधारित कार्यक्रम तिथल्या सहा सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये राबवला गेला आणि तुलनेला तीन सेवा ठेवल्या. पुण्याचे डॉ. सौमित्र पठारे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरात सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन चांगलाच बदलला, रुग्णांचं समाधानही वाढलं. पण रुग्णांच्या समाधानातली वाढ कर्मचाऱ्यांमधल्या बदलापेक्षा बरीच लहान होती. ही गोष्ट काहींना निराशेची वाटेल. मला ती या क्षेत्रातल्या सर्वांत प्रामाणिक आकड्यांपैकी एक वाटते. आपण बदललो हे आपल्याला आधी कळतं, ज्याच्यासाठी बदललो त्याला नंतर.

याच काळात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २०१८ पासून लागू झाला. सक्तीने मुंडन करायचं नाही. स्वतःचे कपडे घालायची मुभा. फोनवर बोलायचा, पत्र पाठवायचा अधिकार. सेवेतल्या त्रुटींविरुद्ध तक्रार करायचा अधिकार, आधी संस्थेच्या प्रमुखाकडे, मग पुनर्विलोकन मंडळाकडे, मग राज्य प्राधिकरणाकडे. ही यादी वाचताना वॉर्डातली सगळी गाऱ्हाणी ओळीने आठवतात. आणि मंडळावर आता न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर दोन जागा आजार अनुभवलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या संस्थांसाठी आहेत. १९१२ च्या अभ्यागतांत अशी खुर्ची नव्हती.

पण सवयी कायद्याइतक्या लवकर बदलत नाहीत. केंद्र सरकारच्या 'मेरा अस्पताल' सारख्या योजनेत रुग्णाचा अभिप्राय मोबाइलवर मागवला जातो. कल्पना चांगलीच. मात्र मनोरुग्णालयाच्या केसपेपरवर मोबाइल नंबर असतो नातेवाइकाचा. भाऊ समाधानी आहे, हे कळतं. बहीण आहे का, हे कळायला तिलाच विचारावं लागेल.

एवढा इतिहास पाहिल्यावर माझं मत ठाम आहे. मोजपट्टी आठ प्रश्नांची की ब्याऐंशी, हा दुय्यम मुद्दा. वॉर्डाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने विचारू नये. आधी स्वतः उपचार घेतलेली माणसं या कामावर पगार देऊन नेमावीत. डिस्चार्जच्या टेबलावर विचारू नये. घरी गेल्यावर काही महिन्यांनी पुन्हा विचारावं. आणि उत्तरानंतर काय बदललं हे वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावावं, मग ते संडासाच्या कडीइतकं लहान का असेना. तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी असेल, तर पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि कुणी तुम्हाला नव्वद टक्के रुग्ण समाधानी असल्याचा तक्ता दाखवला, तर टक्के मोजण्याआधी एवढंच विचारा: प्रश्न कुणी विचारले, कुठे विचारले, आणि तेव्हा दाराची चावी कुणाकडे होती?